आऱ्याची दुसरी मूठ

१

किसनराव सकाळी सातला माझ्या दारात येत. "झालं का गा?" एवढं विचारून खाटेवर टेकत आणि तंबाखू मळायला घेत. तोवर मी ओट्यावर आरा आडवा टाकून त्याच्या दातांवरून कानस फिरवत असे. पाच फुटांचं पातं, दोन टोकांना दोन लाकडी मुठी. एकट्याच्या काही कामाचा नाही. एकानं खेचायचं, दुसऱ्यानं हात सैल सोडायचा. मग दुसऱ्यानं खेचायचं. ढकलायचं कोणीच नाही. ढकललं की पातं वाकतं आणि समोरचा थेट तुमच्या खानदानावर येतो.

आता चेनच्या मशीनी आल्या. समुद्रपूरहून बोलावलेल्या मशीनवाल्यानं आमच्या कूपातली, म्हणजे जंगलाच्या यंदा तोडायला ठरवलेल्या तुकड्यातली, साठ झाडं चार दिवसांत आडवी केली. एकसष्टाव्याजवळ आला, त्याच्याभोवती दोन चकरा मारल्या आणि मशीन बंद केली.

"काका, याच्या पोटात लोखंड हाये. चेन तुटली तं माझं थोबाड फुटंल. मी नाई लावत हात."

खरं होतं. त्या सागवानाच्या पोटात आमची पाचर होती. मी आणि माझ्या बायकोनं, तानाबाईनं, आठ वर्षांपूर्वी ठोकलेली.

तेव्हा जंगल ठेकेदाराकडं होतं आणि आम्ही आमच्याच जंगलात त्याचे मजूर. झाड पाडायला माणसं जोडीनं लागत. बाकीचे भाऊ-भाऊ बसत, साडू-साडू बसत; मी बायकोसोबत बसायचो. लोक हसायचे. हसू द्या. आमच्याइतका एकमेकांना बसलेला हात साऱ्या तालुक्यात नव्हता. मी कापता कापता गोष्टी सांगायचो. गार्डसाहेबाच्या मिशीत मधमाश्यांनी पोळं केलं, ही माझीच. वाघानं मला बिडी मागितली, पण त्याला काडी पेटवता येईना म्हणून रागानं परत केली, हीसुद्धा. तानाबाई खोडाच्या पलीकडून काही बोलायची नाही. थाप फार लांबली की आऱ्याला दोन बारीक हिसके द्यायची. म्हणजे, पुरे.

ते सागवान सात फूट घेराचं. अर्ध्यावर आलो होतो, तेवढ्यात गावातल्या बाया वर आल्या. वनहक्काचा दावा दाखल झाला, निकाल लागेस्तोवर तोड बंद. तानाबाईनं मूठ सोडली.

"उठा," म्हणाली. "हे आता आपण आपल्या नावानं पाडू."

"अवं, अर्धं कापलेलं झाड सोडून जात नाई कोणी. मनाले येईन तिकडं पडते थे."

"नाई पडत. मी येईस्तोवर उभं राह्यते थे."

राहिलं. दाव्याचा निकाल लागायला आठ वर्षं लागली. तानाबाई पाचव्या वर्षी किडनीच्या दुखण्यानं गेली. यंदा जंगल ग्रामसभेच्या नावावर झालं, हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये गेलेली निम्मी माणसं तोडीच्या कामाला गावात परत आली, आणि आमची लेक जागृती वनहक्क समितीची सचिव झाली. तिनंच मला बजावलं.

"बाबा, आजूबाजूची साठ पडली. इतकी वर्षं त्यायनं या झाडाले वारा लागू देल्ला नाई. आता थे उघडं पडलं. अन् मोहाची वाट त्याच्या खालूनच जाते. पंधरा दिवसांत मोहाची फुलं गळाले लागन, पहाटे पहाटे पन्नास बाया टोपले घेऊन जातीन तिथून. अर्धं कापलेलं झाड डोक्यावर ठेवून मी कोणाले जाऊ देऊ? मोह गळाच्या आत थे खाली पायजे."

मशीनवाला निघून गेलेला, म्हणून वळचणीचा आरा खाली निघाला. आणि दुसऱ्या मुठीला किसनराव आले, कारण मोहाला सगळ्यात आधी पोचणारी बाई म्हणजे त्यांची बायको आनंदाबाई.

२

पहिल्या दिवशी सकाळभर कुऱ्हाडीनं जुनी जखम मोकळी केली. झाडानं पाचर गाठ धरून गिळली होती. ती काढली तेव्हा तिच्याखाली आमचा जुना काप दिसला, काळा पडलेला, जसाच्या तसा. आरा त्यात घातला तर तो सरळ आत गेला, आपली जागा ठाऊक असल्यासारखा.

झाड कापायला बसलं की सुरुवातीला समोरचा माणूस दिसतो. आरा आत आत जाईल तसा तो खोडाआड होतो. अर्ध्यावर आलं की तोंड दिसत नाही, नुसता हात कळतो. इथं तर अर्ध्यापासूनच सुरुवात. किसनराव बसले ते पहिल्या खेचेपासून खोडाआडच. त्यांचा हात म्हणजे बैल उधळलेली बंडी. एकदा जोरात, एकदा नाहीच, मधेच खोकला.

"किसनराव, आरा हाये, बोअरचा पंप नाई."

"तू तुझं पाह्य ना बे!"

दुपारी शिदोरी सोडली. पोळी, मिरचीचा ठेचा, कांदा. परत बसलो. ऊन पानांतून खाली आलं होतं आणि साऱ्या कूपात आमच्या आऱ्याशिवाय आवाज नव्हता. घर्र, घर्र. थोड्या वेळानं माझ्या ध्यानात आलं की खांदा दुखत नाही. समोरून खेच येत होती ती लांब, एकसारखी. शेवटाला किंचित मऊ. मी हात सैल सोडला की पातं पाण्यात गेल्यासारखं जाई.

"वा किसनराव," मी म्हणालो, "पोटात पोळी गेल्यावर हात बसला बरं तुमचा."

ते काही बोलले नाहीत. माझ्या जिभेला चळ लागला. म्हटलं, काल रात्री एक रानडुक्कर माझ्या दारात आलं, म्हणालं, लहानूभाऊ, तुमच्या आऱ्यानं माझे दात घासून द्या...

आऱ्याला दोन बारीक हिसके बसले.

मी थांबलो. आराही थांबला. माझ्यानंतर अर्धा इंचसुद्धा सरकला नाही.

"काऊन गा लहानू, एकटाच काय करून राह्यला?"

आवाज मागून आला. किसनराव हातात पाण्याचा डबा घेऊन उभे होते, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला.

"मी नाल्यावर गेलतो पाणी आनाले. तुले सांगूनच तं गेलो."

३

माणूस डोकं चालवतो. मीही चालवलं. लाकूड जिवंत असतं, पात्याला चिमटा घेतं आणि सोडतं. पातं स्प्रिंगसारखं, या टोकाला खेचून सोडलं तर परत जाऊ शकतं. जुन्या कापात राळ असते, उन्हानं पातळ होते, आरा घसरतो. दुखऱ्या खांद्याला कोणाचाही हात बायकोचा वाटतो. अशी चार कारणं मी घरी जाईपर्यंत तयार केली आणि प्रत्येकावर एक थाप सांगता येईल इतकी ती चांगली होती.

पण भुशाचं काय करायचं, ते समजेना. आऱ्याचा भुसा ज्यानं खेचलं त्याच्या पायाशी पडतो. मी एकट्यानं ताणलं असतं तर भुसा माझ्याच बाजूला हवा. निघायच्या आधी, आगपेटी शोधतो म्हणून मी खोडाच्या पलीकडं जाऊन आलो होतो. तिथं किसनरावांच्या सकाळच्या भुशावर दुपारचा ताजा, पिवळा ढीग होता. माझ्या ढिगाएवढाच. टोक नीट बसलेलं, कोणी पाय लागू दिला नव्हता.

घरी जागृती चुलीपुढं कागद पसरून बसली होती. आमचं घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत तानाबाईची पेटी, तिच्यावर जागृतीचा लॅपटॉप. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, त्यांच्याखाली आता तानाबाईचा. रात्री या घरात एकच आवाज असतो, टिनावर कडुलिंबाची फांदी घासते तो. त्या दिवशी मी तो ऐकत राहिलो. फांदी एका बाजूला जायची, मग थांबायची, मग परत यायची.

"किती राह्यलं बाबा?"

काप अजून नऊ बोटं जायचा होता.

"चौदा बोटं," मी म्हणालो.

आयुष्यभर मी हसवायला खोटं बोललो. हे पहिलं असं, की जे बोलल्यावर मला हसू आलं नाही.

४

किसनरावांना जेवणानंतर तासभर पडायची सवय. पळसाच्या सावलीत, तोंडावर दुपट्टा टाकून. तो तास माझा.

मी मूठ धरायचो आणि वाट पाहायचो. आधी काहीच नसे. मग पात्यात वजन यायचं. तार ताणली जाते तसं. आणि खेच यायची.

मला भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. मानेवरचा एकेक केस उभा राहायचा. पण तीन वर्षं ज्या माणसाला उद्याची भाजी कोणती हे विचारायला कोणी नव्हतं, त्याचा हात भीतीनं सुटत नाही. मी अगदी हलक्या हातानं खेचायचो. दात लाकडावरून नुसते फिरतील, चावणार नाहीत, इतक्या हलक्या. नऊ बोटं संपली की झाड जाणार, आणि झाड गेलं की त्याच्यासोबत ही मूठही जाणार, एवढं गणित मला येत होतं. सकाळी कानस लावताना मी मधले चार दात बोथटही करून ठेवले. किसनरावांना कळलं नाही. तिला कळलं असावं. त्या दिवशी हिसके बसले.

मी बोलायचो. तुझी लेक मोबाइलवर जंगलाचा नकाशा काढते, म्हणायचो. परवा वर्ध्याहून मोठे साहेब आले तर त्यांना म्हणाली, चप्पल काढू नका, काटे हायेत, पण आवाज खाली ठेवा, जंगल आमचं हाये. हे खरं होतं, म्हणून आरा नुसता चालत राही. कधी मी विचारायचो. तिकडं भूक लागते का? उन्हाळा असते का? त्याला उत्तर नसायचं. दोन हिसक्यांत मावेल एवढंच आमचं बोलणं.

वाकून पलीकडं मी एकदाही पाहिलं नाही. पाहायचं मनात आलं की पातं आपोआप सैल पडे, रिकामं होऊ लागे. मग मी नजर दातांवर ठेवायचो आणि ते पुन्हा भरून येई.

पळसाखाली किसनराव घोरत. एकदा झोपेतच म्हणाले, "लहानू, हळू बोला ना बे दोघं."

५

सहाव्या दिवशी सकाळी गेलो. आरा रोज घरी नेत असू; काल मात्र दमल्यामुळं तो कापातच ठेवून, वर पानं झाकून आलो होतो. पानं बाजूला पडली होती. मी बोट घातलं. आदल्या संध्याकाळी सात बोटं उरली होती. आता पाच.

किसनरावांनी खाली पाहिलं. पहाटेचं दव गवतावर होतं, पानांवर होतं, आमच्या कालच्या भुशावर होतं. त्या भुशावर आणखी एक थर होता, त्यावर दव नव्हतं. दव पडून गेल्यावर कोणीतरी कापलं होतं.

"मशीनवाला आला असंल," मी म्हणालो.

"मशीनचा भुसा पिठावानी असते. हा आऱ्याचा हाये." ते पलीकडं जाऊन आले. "तिकडंबी हाये. तुया बाजूलेबी हाये. दोघं होते, लहानू."

दोघं. तानाबाई तिकडं असेल, हे मी कुठंतरी धरूनच चाललो होतो. पण मग इकडं कोण? माझ्या मुठीला कोण बसलं?

तुम्हाला सांगतो, त्या वेळी मला जे वाटलं ती भीती नव्हती. शुद्ध जळफळाट होता. सव्वीस वर्षं जी माझी जागा, तिथं बसून माझ्या बायकोसोबत पहाटे पहाटे कोण आरा खेचून राह्यला? आणि हातही कसा, की दोन बोटं सागवान सरळ कापलेलं, एक लहर नाही. माझ्याहून चांगला.

माझ्या बाजूला एक मूळ वर आलेलं आहे. त्याला टाच रेटून मी बसतो. त्या मुळाशी ओल्या मातीत टाच रुतल्याची खूण होती, अनवाणी, खोल. मी चप्पल काढली आणि माझी टाच त्यात ठेवली. नेमकी बसली. मग काढून घेतली आणि मातीवर हात फिरवला.

"काय हाये?" किसनरावांनी विचारलं.

"काई नाई. रानमांजर."

त्यांनी मूठ धरली नाही. तंबाखूची डबी खिशात टाकली, दुपट्टा झटकला.

"मी नाई बसत आता. तुया बायकोचा आरा तूच चालव, बाप्पा. पन एक सांगतो. आमच्या आनंदाबाईले आज सकाळी त्या खालच्या मोहाखाली फुलं सापडली. पसाभर. चालू झाला मोह."

६

जागृती दुपारी आली. किसनरावांनी तिला सांगितलंच असणार. माझ्याशी एक अक्षर न बोलता ती कापाशी बसली आणि बोट घातलं.

"काल तुमी बारा म्हणाले."

मी हातावरचा भुसा झटकला.

"बाबा, पाच बोटं राह्यली. पाच! अन् आनंदाकाकू आज सकाळी याच्याच खालून गेल्या. वारा सुटला असता तं?"

"नाई सुटला ना."

"तुमी कोणाची वाट पाहून राह्यले?"

मी आऱ्याकडं पाहत होतो. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग खोडाकडं, मग हळूच पलीकडं. तिकडं दोन ढीग भुसा आणि मळलेली जागा होती, दुसरं काही नाही. 

"काका सांगत होते, तुमी बोलता म्हणून," ती म्हणाली. आवाज उतरला होता. "आईसंगं."

"खोटं बोलतो मी. साऱ्या गावाले ठाव हाये."

"मलेबी बोलाचं होतं, बाबा. तुमी मले एकदाबी नाई आणलं."

 पाच दिवस मी तास तास वाटून घेतला, आणि त्यातला एक तिच्यासाठी ठेवावा असं मला सुचलंच नव्हतं.

वरच्या शेंड्यात काहीतरी कुरकुरलं. माणूस झोपेत कूस बदलतो तसं. आम्ही दोघांनी वर पाहिलं.

"मी धरते दुसरी मूठ," ती म्हणाली.

"नाई. तिथं जागा नाई." माझा मलाच राग आला, म्हणून पुढचं नीट बोललो. "उताराकडं पडते हे. तू वाटेवर दूर बाजूले जाऊन उभी राह्य. तिकडून दिसते सारं. कोणी येत असंल तं थांबवजो. हे मी आज पाडतो."

"एकटे?"

मी कानस उचलली.  खाली उतरताना ती खोडाच्या त्या बाजूनं गेली, आणि जाता जाता तिनं सालीवर तळहात टेकवला. क्षणभरच.

७

मी बोथट केलेले दात कानशीनं पुन्हा लावले. बसलो. मूठ धरली आणि पहिल्यांदाच वाट न पाहता खेचलं.

पलीकडून लगेच खेच आली.

त्या दुपारी कापलं तसं मी आयुष्यात कापलं नाही. भुसा तोंडावर उडत होता. मी थाप सांगितली नाही, लेकीचं सांगितलं नाही, काही नाही. दोघांचा श्वास एका चालीत येत होता. माझा मला ऐकू येत होता आणि तिचा हाताला कळत होता. चार बोटं. तीन. शेंडा हलायला लागला. दोन बोटांवर आलं तसा काप मागून उघडू लागला, पात्यावर उजेड पडला.

मग झाडानं तडा दिला. बंदुकीसारखा.

या कामात एकच कायदा आहे. तडा ऐकला की दोघांनी एकाच वेळी मूठ सोडायची आणि मागं सरायचं. आऱ्याची माया करायची नाही. पडणाऱ्या खोडाचा बुंधा मागं उसळतो, छातीवर बसला तर माणूस उठत नाही. मी हे शंभर माणसांना शिकवलं आहे.

मी मूठ सोडली नाही.

वजन अजून होतं. पात्याच्या त्या टोकाला ती होती. झाड पुढं झुकलं, काप जबड्यासारखा उघडला, आणि मी दोन्ही हातांनी धरून ठेवलं. जागृती खालून ओरडत होती, "सरका! बाबा, सरका!" मला ऐकू येत होतं. इतकं स्पष्ट, की तिचा घसा बसलाय हेही कळलं. पण हात सुटेनात.

तेवढ्यात माझ्या हातांवर हात आले.

मागून. माझ्या खांद्यावरून. उन्हात तापलेले, तळव्याला घट्टे पडलेले. त्यांनी घाई केली नाही. एखाद्या थकलेल्या गड्याला बदली यावी तसं, आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं, अशी एकेक बोटं त्यांनी मुठीवरून उकलली. कानाशी श्वास होता. मी मान वळवली नाही. वळवता आली असती.

शेवटचं बोट सुटलं आणि मी मागं पडलो. बुंधा उसळून माझ्या पायांपासून वीतभर अंतरावर बसला. साऱ्या टेकडीला धक्का बसला. मग पानं, काटक्या, आठ वर्षांची धूळ.

धूळ खाली बसत असताना मला आरा दिसला. कापात नव्हता. उताराच्या अंगाला, उभ्या राहिलेल्या सागांमधून, खांद्याच्या उंचीवर चालला होता. दोघं जण पुढं-मागं धरून नेतात तेव्हा पातं मधे लवतं, तसं लवत होतं. एकदा चमकायचं, एकदा नाही. कोण नेत होतं ते पानांनी झाकलं होतं. पण जागृती खाली वाटेवर होती. तिला पानांची आड नव्हती.

"बाबा!" ती ओरडली. "अवो बाबा, तिकडं कुठं चालले?"

ती माझ्याकडं पाहत नव्हती.

"अवं, मी इथं हाव," मी म्हणालो.

ती गर्रकन वळली. मला पाहिलं. मग परत तिकडं पाहिलं, जिकडं पातं आता फार बारीक चमकत होतं. मग मला. पडलेल्या झाडाच्या अलीकडं मी होतो, पलीकडं ते होतं, आणि ती मधल्या वाटेवर. बराच वेळ ती कोणाकडंच आली नाही.

८

दुसऱ्या पहाटे बाया मोहाला गेल्या. आनंदाबाई सगळ्यांच्या पुढं. आडव्या खोडावर बसून त्यांनी पानसुपारी खाल्ली आणि मला हाक मारून म्हणाल्या, "लहानूभाऊ, एवढालं झाड एकट्यानं पाडलं म्हणता? यावर तं तुमचीबी थाप चालनार नाई!" सगळ्या हसल्या. मीही हसलो. आरा कुठं गेला म्हणून किसनरावांनी विचारलं नाही. ओंडके उचलले तेव्हा त्याखाली त्यांनी पाहिलं मात्र, मी पाहिलं त्यांना पाहताना.

जागृती महिनाभर त्या दिवसाबद्दल काही बोलली नाही. मला बाबा म्हणते, पण म्हणण्याआधी थोडं थांबते. मी ओट्यावरून आत आलो की एकदा नीट पाहून घेते.

काल जेवताना ती आपणहूनच म्हणाली, "त्या दिवशी मागची मूठ धरून जो चालला होता ना..."

मी घास तसाच धरला.

"हसून राह्यला होता, बाबा. पुढं आई काईतरी बोलत होती, अन् तो मान मागं टाकून हसून राह्यला होता. आई गेल्यापासून तुमाले तसं हसताना मी पाह्यलंच नाई. विसरलीच होती मी, माये बाबा कसे हसत होते."

बाहेर कोणाची तरी गाडी गेली. मी पाणी प्यालो.

"मंग मी कोण, जागृती?" मी विचारलं. गमतीनंच विचारलं, माझी विचारायची पद्धत साऱ्या गावाला माहीत आहे.

तिनं खाली मान घालून माझ्या ताटात आणखी एक पोळी टाकली.

"जेवा," ती म्हणाली.